औषध कोणासाठी? : वयोवस्था आणि औषधालयातील ग्राहक

बाल, मध्य व वृद्ध हे वयाचे तीन विभाग आपण सर्वांनी विद्यार्थिदशेतच पाठ केलेले आहेत. चरकाचार्य मध्यम वयाची मर्यादा 60 वर्षे मानतात, वाग्भटाचार्य 70. चिकित्सेत या विभागाचा विचार होतो. औषधालयात मात्र तो क्वचितच होतो. वास्तविक वयोवस्थेबरोबर रुग्णाचे दोष-बल जसे बदलते, तसा त्याच्यासाठी खरेदी करणारा हातही बदलतो.

सूतिकेचेच उदाहरण घ्या. वर्षानुवर्षे औषधालयाची पायरी न चढलेले कुटुंब प्रसूतीच्या निमित्ताने एकदम लांबलचक यादी घेऊन येते : क्रमांकांचे बाळंतकाढे, दशमूलारिष्ट, शतावरी कल्प, बाळंतशेपा, डिंक, अळीव, बाळगुटीची द्रव्ये. पूर्वी ही यादी आजीच्या तोंडी असे. कोणता काढा आधी, कोणता नंतर आणि थांबावयाचे केव्हा, हेही तीच जाणत असे. आता यादी पुष्कळदा बाळाच्या पित्याच्या मोबाइलवर येते. क्रम व अवधी त्यात नसतात. सुश्रुताचार्यांनी सूतिकाकाल दीड महिन्यांचा सांगितला, काश्यपांनी सहा महिन्यांचा. परंतु बाटली संपली की दुसरी न्यावी, एवढाच हिशेब घरात उरतो. अरिष्टात गूळ असतो व संधानाने उत्पन्न झालेला मद्यांशही असतो. गर्भिणी अवस्थेत जिची रक्तशर्करा वाढलेली होती, तिच्या बाबतीत हे विचारल्यावाचून देऊ नये, असे आम्हांस आग्रहाने वाटते.

मध्यम वयातील ग्राहक स्वतःपुरता घेतो, घाईत घेतो आणि औषधाचे नाव सांगूनच घेतो. अम्लपित्तासाठी अविपत्तिकर चूर्ण महिनोन्‌महिने नेणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असते, की त्यात साखरेखालोखाल सर्वांत मोठा वाटा निशोत्तराचा, म्हणजे रेचकाचा आहे?

खरी चिंता वृद्धांची. येथे घेणारा एका गावी आणि सेवन करणारा दुसऱ्या गावी, असे वारंवार घडते. मुलगा प्रेमाने च्यवनप्राश पाठवितो. वडिलांचा मधुमेह त्या क्षणी त्याच्या ध्यानी नसतो. खोकल्यासाठी यष्टिमधु दीर्घकाळ सुरू राहते आणि जोडीस रक्तदाबाची मूत्रल गोळी असते. अशा वेळी पोटॅशियम घटून रक्तदाब वाढण्याचा धोका असतो. कुचला, वत्सनाभ, भल्लातक यांसारखी ‘ई-1’ अनुसूचीतील द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना नियमानुसार छापलेली असते. पण ती इंग्रजी व हिंदीत, आणि बहुधा अशा अक्षरांत की चष्मा लावूनही वाचवू नये!

इतके प्रश्न विचारीत बसलो तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, असे काही औषधालयचालक बंधू म्हणतील. एखादे जाईलही. तरीही औषध कोणासाठी, वय काय आणि अन्य कोणती औषधे चालू आहेत, एवढे तरी विचारून बिलाच्या पाठीवर अवधी मराठीत, ठळक अक्षरांत लिहून द्यावा. बाटलीबरोबर ते बिलही गावी पोचते.