केमोथेरपीनंतरची मळमळ आणि स्टिरॉइडची गोळी

तालमींचे गाव असलेल्या कोल्हापुरात ‘स्टिरॉइड’ हा शब्द कानावर पडला, की डोळ्यांसमोर येते ते झटपट शरीर कमावण्यासाठी चोरून घेतलेले इंजेक्शन. त्यामुळे केमोथेरपी घेऊन घरी परतलेल्या रुग्णाच्या औषधांत ‘डेक्सामेथासोन’ दिसले, की घरच्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. गोळी परस्पर बंद केली, तर दोन-तीन दिवसांत मळमळ उसळण्याचा धोका असतो.

शरीर कमावण्यासाठी वापरली जाणारी स्टिरॉइड पुरुषी संप्रेरकाच्या जातीची असतात. डेक्सामेथासोनचे नाते आहे ते मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणाऱ्या कॉर्टिसोलशी. दोन्हींच्या रेणूंचा सांगाडा सारखा आहे, इतकेच.

सिस्प्लॅटिनसारख्या औषधामुळे आतड्यातील विशिष्ट पेशींमधून सेरोटोनिन बाहेर पडते आणि मज्जातंतूमार्फत मेंदूला उलटीचा इशारा जातो. पहिल्या दिवसाची ही उलटी ओंडान्सेट्रॉनसारखी औषधे बऱ्याच अंशी रोखतात. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतील मळमळीपुढे मात्र त्यांचा प्रभाव कमी पडतो. तेथे डेक्सामेथासोनचा आधार मोठा. ते दाह कमी करते आणि मेंदूतील उलटीशी संबंधित भागावरही परिणाम करते, असे मानले जाते. मात्र त्याच्या कार्याचा पूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. तरीही सिस्प्लॅटिनच्या रुग्णांतील त्याचा उपयोग १९८० च्या दशकाच्या आरंभापासून नोंदला गेला आहे. शिवाय हे औषध स्वस्त आहे, ही गोष्ट दर तीन आठवड्यांनी उपचारासाठी खेड्यातून शहरात येणाऱ्या कुटुंबाला लहान वाटणार नाही.

मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ओलान्झापिनची १० मिलिग्रॅमऐवजी २.५ मिलिग्रॅम मात्राही उलटी रोखण्यास पुरेशी ठरली आणि रुग्णांची गुंगी कमी झाली. त्या उपचारातही डेक्सामेथासोन सोबत होतेच.

अर्थात, त्रास अजिबात नाही असे नव्हे. झोप उडते, पित्त वाढते, क्वचित उचकी लागते. मधुमेहींची रक्तशर्करा मात्र झपाट्याने चढू शकते. म्हणून मधुमेह असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगावे आणि त्या दिवसांत साखर तपासत राहावी. गोळी सहसा सकाळी, नाश्त्यानंतर घेतात. मात्रा जास्त वाटत असेल, तर ती कमी करण्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. काही रुग्णांत, विशेषतः इम्युनोथेरपी सुरू असताना, डॉक्टर स्वतःच स्टिरॉइड टाळण्याचा विचार करतात.