मोटारीचे कंबरडे

मोटारीला चाके असतात हे सर्वांना दिसते. तिला कंबरही असते, हे मात्र चिखल्याला आमच्या वाडीवर जाऊन आल्याखेरीज कळत नाही. चारोटी नाक्यावर महामार्ग सोडावा, डहाणू गाठावे आणि समुद्राच्या कडेने नरपडवरून पुढे निघावे. एकीकडे सुरूची झाडे, दुसरीकडे चिकूच्या वाड्या. देखावा मोठा रमणीय! पण पावसाळा सरल्यावर नजर झाडांवर ठेवण्याची सोय नसते. ती खड्ड्यांवर ठेवावी लागते.

माझ्या पुतण्याने जुनी स्विफ्ट घेतली आहे. याच गाडीतून त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, दरमहा डहाणूला डॉक्टरांकडे न्यायचे. वय 82, आणि दुखणे मणक्याचे. एकदा येताना प्रत्येक गतिरोधकावर तिने पांडुरंगाला हाक मारली आणि उतरताना म्हणाली, "पुढल्या महिन्यात मी काही यायची नाही." पुतण्याने ते मनाला लावून घेतले. 40 हजार रुपये बाजूला काढले आणि मला म्हणाला, "काका, आपण कॉइलओव्हर टाकू या."

माझी सारी नोकरी यंत्रांत गेली, म्हणून हा सल्ला माझ्याकडे आला.

नाव भारदस्त असले तरी प्रकरण सोपे आहे. गाडीचा भार स्प्रिंग झेलते. पण नुसती स्प्रिंग असली तर एका खड्ड्यानंतर गाडी पाळण्यासारखी झुलत राहील. ते झुलणे आवरतो शॉक ॲब्सॉर्बर, गॅरेजवाल्यांचा 'शॉकअप'. त्याच्या नळीत तेल असते. ते दट्ट्याच्या बारीक भोकांतून रेटले जाते आणि झोक्याचा जोर उष्णतेत जिरतो. या शॉकअपभोवती स्प्रिंग बसवली की झाला कॉइलओव्हर! आता गंमत पाहा. स्विफ्टच्या पुढल्या चाकांवर हीच रचना कारखान्यातूनच येते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनियरच्या नावाने ती ओळखतात. 1950 साली फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत ती लोकांनी पाहिली, आणि आपल्याकडे 1983 नंतर मारुती 800 बरोबर ती मध्यमवर्गाच्या दारात आली. बाजारात वेगळा मिळतो त्याच्या नळीला आटे असतात, ते फिरवून गाडी खालीवर करता येते, इतकाच मुख्य फरक. स्विफ्टच्या मागच्या बाजूला तर स्प्रिंग निराळी, शॉकअप निराळा. दुकानदार त्या जोडीलाही कॉइलओव्हरच म्हणतात. म्हणोत बापडे!

प्रश्न आईच्या मणक्याचा होता. गाडी खाली आणली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. स्प्रिंग मऊ ठेवली तर ती रबरी ठोकळ्यावर आदळेल, म्हणून या संचांतल्या स्प्रिंगा बहुधा कडक असतात. रॉबर्ट हूकने 1678 साली छापलेला नियम आजही लागू आहे: भार दुप्पट, तर दाबही दुप्पट. मिलिमीटरला 2 किलो भार घेणारी स्प्रिंग 200 किलोंखाली 100 मिलिमीटर दबेल. 4 किलोंची असेल तर फक्त 50. घरगुती गाडी सेकंदाला साधारण एक ते दीड झोका घेते. स्प्रिंग दुप्पट कडक केली की झोके सुमारे 1.4 पट जलद होतात. शर्यतीच्या मैदानावर हे गुणाचे. नरपडच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर आई बसलेली असताना? छे!

पुतण्याला मी दुकानात तीन गोष्टी विचारायला लावल्या. स्प्रिंग किती कडक आहे? चाकाला किती हालचाल मिळते? शॉकअप गळला तर तेवढाच मिळेल की सगळा संच घ्यावा लागेल? स्वस्तातल्या संचाच्या विक्रेत्याने तिन्ही प्रश्नांना रंग कोणता हवा ते विचारून उत्तर दिले. शिवाय आमच्याकडचा खारा वारा! चिखल आणि मीठ बसून आटे गंजले की हजारो रुपयांची ती सोय कायमची अडकून बसते. कायद्याचीही एक बाब आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल करता येत नाही. तेव्हा असे काही बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारलेले बरे.

मग गाडीचा एकेक कोपरा जोराने दाबून सोडला. चांगला शॉकअप असेल तर गाडी वर येऊन लगेच स्थिरावते. ही मात्र तीन-चारदा मान डोलवीत राहिली. पुढच्या दोन्ही नळ्यांवर तेल ओघळलेले, वरचे रबरी माउंटिंग चेपलेले, बुश फाटलेले. अशा गाडीचे चाक ओबडधोबड रस्त्यावर जमिनीला नीट चिकटून राहत नाही आणि ब्रेक दाबला तरी थांबायला अंतर जास्त लागते. हा धोका मणक्याच्या दुखण्याहून मोठा.

कारखान्याच्या मापाचे चारही शॉकअप, माउंटिंग, बुश, लिंक रॉड आणि शेवटी चाकांचे अलाइनमेंट मिळून बिल 16,400 रुपये झाले. अलाइनमेंटचे पैसे वाचवू पाहणाऱ्यांचे टायर एका कडेने झिजतात, ते पैसे कोणी मोजत नाही. उरलेल्या पैशांत पुढचे दोन टायर घेतले. आई आता डॉक्टरांकडे जाते. पांडुरंग नरपडच्या एका गतिरोधकापुरता उरला आहे.

पुतण्याचा एकच हट्ट राहिला होता: डिकीत चिकूच्या सहा करंड्या भरल्या की गाडी मागे बसते, तर मागच्या स्प्रिंगा तरी कडक घ्याव्या. मी म्हटले, "चार करंड्या ने."