तळघरात तळं? नो एंट्री!

परभणीकरांनो, तुमच्या घराखालची जमीन व्यायाम करते, माहीत आहे का? पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. त्या ओढाताणीत तळघराची भिंत तडकते आणि पाणी न विचारता आत!

या उचापतीमागचं खनिज कोण? मॉन्टमोरिलोनाइट. आता ट्विस्ट: बेसमेंटच्या वॉटरप्रूफिंगला जगभर वापरतात ते बेंटोनाइट मुख्यतः याच खनिजाचं! चोरच पहारेकरी! पण शेतातली घमेलंभर काळी माती उचलून भिंत लिंपू नका हं. बेंटोनाइट भिंतीबाहेर दाबून बसवतात, म्हणून ओलं झालं की फुगून फट बुजवतं. मोकळ्यावर लिंपलेली माती वाळली की पुन्हा भेगाच.

मग स्वस्त हिरो कोण? आपला साधा मुरूम! आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं, की न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीची फुगवट आवरतो. मुरमाचा भराव या कामी बरेचदा चालतो. भिंतीलगत मुरूम ठोकून बसवा. 10 फुटांत 6 इंच उतार घराबाहेर. मला विचाराल तर रंगाच्या डब्याआधी हाच खर्च करा.

गणित आवडतं? 1000 चौरस फुटांच्या स्लॅबवर 50 मिमी पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी! उन्हाळ्यात ज्याच्यामागे धावतो, तो टँकरच की! आणि पन्हाळीचा पाइप तो कुठे रिकामा करतो? पायाशी! एक एल्बो, पाच-सहा फूट पाइप. सुटला प्रश्न.

भिंत ओली, पण पाणी नेमकं कुठलं? प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवा आणि एक दिवस थांबा. थेंब मागच्या बाजूला असतील तर भिंत पाझरतेय. पुढच्या बाजूला असतील तर खोलीतला दमटपणा. खिडकी उघडा, पैसे वाचवा!

पांढरा लोणा दिसतोय? ते भिंतीतलेच क्षार, पाण्याबरोबर फिरायला आलेले. त्यावर थेट रंग लावला तर पोपडे ठरलेले. कोरड्या ब्रशने खरवडा, आधी पाणी रोखा.

चालू धारच लागलीय? झटपट घट्ट होणारं वॉटरप्लग सिमेंट काही मिनिटांत आवळतं. हात चालवा, चहा नंतर!

वॉटरप्रूफिंग नवीन फॅड वाटतंय? मोहेंजोदडोच्या महास्नानगृहाला सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच डांबराचा थर होता.

आणि आपल्याच जिल्ह्यात उलटा कारभार! सेलू तालुक्यातल्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव टपाल खात्याच्या पोस्टकार्डावर झळकली. बारव म्हणजे काय? पाणी आत यावं म्हणूनच खोदलेलं तळघर! तिथे गळती नसेल, तरच तक्रार.