अश्रूंची साक्ष

नोव्हेंबर १९६९ मध्ये, २४ तारखेच्या संध्याकाळी, अमेरिकेतील लक्षावधी कुटुंबांनी दूरचित्रवाणीसमोर बसून इंडियाना प्रांतातील एका खाणकामगाराच्या मुलाची जबानी ऐकली. पॉल मीडलो हे त्याचे नाव, वय अवघे बावीस, आणि एक पाऊल सुरुंगाने नेलेले. पुरुष मारले, बायका मारल्या, मुले मारली, हे त्याने सांगितल्यावर मुलाखतकाराने तान्ह्या बाळांविषयी विचारले, तेव्हा त्याचेही उत्तर त्याने होकारार्थीच दिले. त्याच सुमारास त्याच्या आईने सेमूर हर्श या पत्रकाराजवळ असे गाऱ्हाणे मांडले होते की, आपण लष्कराच्या हवाली एक चांगला मुलगा केला आणि लष्कराने त्याचा खुनी करून तो परत पाठवला. या माऊलीचे म्हणणे खोटे होते असे म्हणण्याची माझी छाती होत नाही. परंतु ते पूर्ण सत्य मानले, तर ज्यांचे गाऱ्हाणे मांडायला आईच उरली नाही त्यांची दाद कोणाकडे लावायची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

व्हिएतनाममधील माय लायच्या हत्याकांडाची ही घटना सर्वश्रुत असली तरी तिची पूर्वपीठिका ध्यानात घेणे अगत्याचे आहे. डिसेंबर १९६७ मध्ये तेथे उतरलेल्या मीडलोच्या ‘चार्ली’ कंपनीला क्वांग न्गाई प्रांतात शत्रू क्वचितच दृष्टीस पडे. पडत असत ते त्याने पेरून ठेवलेले सुरुंग आणि सापळे, आणि त्यांनी निकामी केलेले आपले सोबती. १४ मार्च १९६८ रोजी अशाच एका सापळ्यात त्यांचा एक सार्जंट मारला गेला. दुसऱ्या दिवशी त्याची शोकसभा झाली आणि तिच्या पाठोपाठ कॅप्टन अर्नेस्ट मेदिना याने उद्याच्या मोहिमेची समज दिली : सोन मी या गावात शत्रूची अठ्ठेचाळिसावी बटालियन आहे, आणि सकाळी सातपर्यंत साधी रयत बाजाराला निघून गेलेली असेल. बायकामुलांचे काय करायचे याविषयी त्या संध्याकाळी नेमका कोणता हुकूम सुटला, याबाबत साक्षीदारांत अखेरपर्यंत एकवाक्यता झाली नाही. शोक, संताप आणि संदिग्ध हुकूम यांचे मिश्रण एवढे स्फोटक असते की, ज्या वरिष्ठाने ते एकाच संध्याकाळी एकाच सभेत तयार केले, त्याला ‘मी तसे म्हटलेच नव्हते’ एवढ्या कैफियतीवर सुटू देऊ नये, असे माझे मत आहे.

१६ मार्चच्या सकाळी गावात, आणि विशेषतः सैनिकी नकाशावर ‘माय लाय ४’ म्हणून नोंदलेल्या त्याच्या वाडीत, बटालियन नव्हतीच. न्याहारीच्या तयारीत असलेली माणसे होती. सुमारे चार तासांत तेथे, व्हिएतनामी गणनेप्रमाणे, ५०४ माणसे मारली गेली; अमेरिकी तपासाचा आकडा ३४७ आहे. हाती लागलेली शत्रूची हत्यारे तीन. चार्ली कंपनीतला एकच शिपाई त्या दिवशी जायबंदी झाला, आणि तोही स्वतःच्याच हत्यारातून सुटलेल्या गोळीने.

या चार तासांतील एक प्रसंग मात्र सावकाशीने पाहण्याजोगा आहे. लेफ्टनंट विल्यम कॅली याने गोळा केलेल्या गावकऱ्यांचा एक जमाव मीडलोच्या ताब्यात दिला आणि ‘यांचे काय करायचे ते तुला ठाऊकच आहे’ अशा आशयाचे काही बोलून तो पुढे गेला. मीडलोने त्याचा अर्थ पहारा ठेवणे असा केला. एका सोबत्याच्या जबानीनुसार तो त्या लोकांना कोठे बसायचे ते दाखवीत होता, मुलांशी खेळत होता, त्यांना गोळ्या-चॉकलेटे देत होता. थोड्या वेळाने कॅली परतला आणि ही माणसे अजून जिवंत कशी, असे विचारू लागला. मग तो स्वतः गोळ्या झाडू लागला, आणि त्याच्या हुकमावरून मीडलोही. मीडलो तेव्हा रडत होता. मध्येच त्याने आपली बंदूक दुसऱ्याच्या हाती देऊ पाहिली, दुसऱ्याने ती घेतली नाही, आणि पुढे एका खंदकाच्या काठावरही त्याने गोळ्या झाडल्याच.

त्या रडण्याचे काय करायचे? भूतदया म्हणते की, ज्याचे अंतःकरण असे पिळवटत होते तो राक्षस नव्हे, हुकमाचा बंदा होता, सबब त्याला दोष देऊ नये. पण विचारांती मला याच्या उलट दिसते. सवयीने किंवा द्वेषाने ज्याची दृष्टी मेली आहे, समोर माणूस बसला आहे हे ज्याला दिसतच नाही, त्याच्यासाठी अज्ञानाचा थोडाफार बचाव एखादा वकील उभा करू शकेल. रडणाऱ्यासाठी तो उभा राहू शकत नाही, कारण आपण काय करीत आहोत हे त्याला कळत होते याचा पुरावा त्याचे डोळेच देत होते. ज्या आसवांमुळे आपल्याला त्याची कणव येते, तीच त्याच्याविरुद्धची सर्वांत भक्कम साक्ष आहे. दया आणि दोषारोप ही एकाच तागडीची दोन पारडी असून एक वर गेले की दुसरे खाली यावे, ही कल्पनाच मुळात चुकीची आहे.

शिवाय नाही म्हणणे अशक्य नव्हते. जेम्स डर्सी, रॉबर्ट मेपल्स आणि आणखी काही शिपायांनी गोळी झाडायला नकार दिला, आणि त्यांना कोणी तेथल्या तेथे भिंतीशी उभे केले नाही. हेलिकॉप्टरचा वैमानिक ह्यू थॉम्प्सन तर गावकरी आणि आपलेच सैनिक यांच्या मध्ये उतरला, आणि सैनिकांनी गोळीबार केल्यास त्यांच्यावर गोळ्या झाडा, असे त्याने आपल्या दोन सहकाऱ्यांना बजावले. पुढे कॅलीच्या खटल्यात लष्करी न्यायाधीशाने जो निकष घालून दिला तो साधा होता : सामान्य समज असलेल्या माणसाला जो हुकूम बेकायदेशीर आहे हे कळले असते, त्याच्या तामिलीची सबब चालणार नाही.

निकष साधा खरा. पण कोणत्याही राज्यसत्तेला तो मनापासून मानवतो असे मला वाटत नाही. एप्रिल १९३० मध्ये पेशावरात नि:शस्त्र जमावावर गोळी चालवण्यास चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या पलटणीतील सोबत्यांनी नकार दिला, तेव्हा सरकारने चंद्रसिंहांना जन्मठेप फर्मावली, यात नवल नाही. नवल याचे की, दुसऱ्या गोलमेज परिषदेनंतर एका फ्रेंच पत्रकाराने विचारले असता प्रत्यक्ष गांधीजींनीही त्या शिपायांची बाजू घेतली नाही. गोळी झाडण्याचा हुकूम मोडणारा शिपाई आपली शपथ मोडतो, आणि उद्या सत्ता हाती आली तर हेच शिपाई आपल्याला वापरावे लागतील, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. अहिंसेच्या उपासकालाही जेथे आज्ञाधारक शिपाई हवासा वाटला, तेथे आज्ञाभंगाचे धैर्य विशी-बाविशीच्या पोराकडून अपेक्षिताना आपला आवाज थोडा खाली असावा. खाली असावा, बंद नव्हे.

अमेरिकेत तो जवळजवळ बंदच झाला. मार्च १९७१ मध्ये कॅलीवर बावीस खुनांचा आरोप शाबीत होऊन त्याला जन्मठेप सुनावली गेली, तेव्हा राष्ट्राध्यक्षांकडे त्याच्या बाजूने तारांचा पाऊस पडला. त्याच्या गौरवाचे एक गाणे लाखांनी खपले. आणि शिक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी निक्सन यांनी त्याला तुरुंगातून हलवून घरातच नजरकैदेत ठेवण्याचा हुकूम काढला. शिक्षा आधी वीस, मग दहा वर्षांवर आली आणि १९७४ मध्ये तो मोकळा झाला. थॉम्प्सनच्या वाट्याला मात्र खुनाच्या धमक्या आल्या, आणि संसदेच्या लष्करी समितीचे अध्यक्ष मेंडेल रिव्हर्स यांनी तर या प्रकरणात कोणी शिक्षेस पात्र असेल तर तो थॉम्प्सनच, असे मत दिले. कॅलीविषयीची ही सहानुभूती नव्हती. त्याच्या सुटकेत प्रत्येकाला आपली सुटका दिसत होती, एवढाच त्याचा अर्थ.

एकट्या कॅलीला शिक्षा झाली हा अन्याय होता, असा युक्तिवाद त्याचे कैवारी करीत, आणि त्यातले तथ्य नाकारता येत नाही. मेदिना निर्दोष सुटला. ब्रिगेडप्रमुख हेंडरसनही सुटला. डिव्हिजनचा सेनापती कोस्टर याची एक पायरी पदावनती झाली. मीडलोवर तर खटलाच चालला नाही. तो फौजेतून सुटल्यामुळे लष्करी न्यायालयाच्या कक्षेबाहेर गेला होता आणि कॅलीविरुद्धची साक्ष त्याने अभय मिळाल्यावरच दिली. आपल्याकडे महाभारताच्या सौप्तिकपर्वात झोपलेल्या पांडव-शिबिरावरचा हल्ला अधर्म्य आहे म्हणून कृपाचार्य आधी अश्वत्थाम्याशी वाद घालतात, मग कृतवर्म्यासह शिबिराच्या दारात उभे राहून बाहेर पळणाऱ्यांची कत्तल करतात. शाप भोगतो तो अश्वत्थामा, आणि कृपाचार्य पुढे परीक्षिताचे गुरू होतात. व्यासांनी यावर टिप्पणी केलेली नाही. पण एकट्याला झालेली शिक्षा अपुरी पडते म्हणून तीही रद्द करावी, हा न्याय व्यासांच्या दरबारातही चालला नसता. चालायला हवा होता तो इतरांवरचा खटला.

न्यायालयाने न दिलेली शिक्षा काहींनी स्वतःच भोगली. सुमारे पंचवीस माणसे मारल्याची कबुली देणाऱ्या वर्नाडो सिंप्सन या शिपायाचा मुलगा पुढे घरासमोर भरकटलेल्या गोळीने गेला, आणि त्या मेलेल्या चेहऱ्यात बापाला माय लायमधले मूल दिसले. १९९७ मध्ये सिंप्सनने आत्महत्या केली. त्याची हकीकत वाचून ज्याला कळवळा येणार नाही त्याच्याशी मला बोलायचे नाही. तरीही हा कळवळा सोन मीच्या वतीने त्याला क्षमा करू शकत नाही. तो अधिकार माझ्याकडे नाही, अमेरिकी जनतेकडेही नव्हता.

कॅलीने माफी मागितली ती ऑगस्ट २००९ मध्ये, जॉर्जियातील कोलंबस येथे, गावातल्या एका सेवाभावी क्लबच्या बैठकीत. पश्चात्ताप वाटला नाही असा एक दिवस जात नाही, असे तो म्हणाला, आणि हुकूम पाळल्याचे समर्थनही त्याने त्याच श्वासात पुन्हा मांडले. ऐकणारे सारे त्याचेच गावकरी होते. थॉम्प्सन आणि त्याचा सहकारी लॉरेन्स कोलबर्न हे त्याआधी अकरा वर्षे, मार्च १९९८ मध्ये, सोन मीला जाऊन आपण वाचवलेल्या बायकांना भेटून आले होते.