दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक : कोणत्या हृदयरुग्णांना गरज, कोणाला नाही?

काही दिवसांपूर्वी एक काकू बीपी तपासायला आल्या. दोन दिवसांनी दाढ काढायची होती. "दातांच्या डॉक्टरांनी हृदयाचं काही आहे का विचारलं, मी नाही म्हणाले," असे त्या सहज बोलल्या. त्यांची हृदयाची झडप बारा वर्षांपूर्वी बदललेली आहे. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "पण ते तर तेव्हाच बरं झालं ना, डॉक्टर?"

असा गैरसमज अनेकांचा असतो. म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

धोका नेमका कशाचा?

आपल्या तोंडात असंख्य जंतू असतात. दात काढताना किंवा हिरड्यांची खोल सफाई करताना ते रक्तात शिरतात. निरोगी माणसाचे शरीर त्यांचा थोड्याच वेळात नायनाट करते. पण कृत्रिम झडपेवर ते चिकटून वाढू शकतात. या आजाराला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात. तो क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो. बहुतेक वेळा 4 ते 6 आठवडे शिरेतून अँटिबायोटिक द्यावे लागते, काहींना पुन्हा शस्त्रक्रियाही लागते.

कोणाला गरज आहे?

- कृत्रिम झडप बसवलेले किंवा कृत्रिम साहित्य वापरून झडप दुरुस्त केलेले रुग्ण
- पूर्वी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले रुग्ण
- जन्मजात हृदयदोषामुळे अंग निळे पडणारी आणि दुरुस्ती न झालेली मुले व मोठी माणसे
- जन्मजात दोष कृत्रिम साहित्याने बंद केल्यानंतर पहिले 6 महिने. त्या जागी गळती उरली असेल तर पुढेही
- हृदय प्रत्यारोपणानंतर झडपेत दोष निर्माण झालेले रुग्ण

कोणाला सहसा गरज नसते?

अँजिओप्लास्टी, बायपास, पेसमेकर, उच्च रक्तदाब. पूर्वी यापेक्षा कितीतरी जास्त रुग्णांना हे औषध दिले जाई. 2007 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने ही यादी आखडती घेतली. कारण रोज दात घासताना आणि चावतानाही थोडे जंतू रक्तात जातातच. विनाकारण औषध घेतल्यास अॅलर्जी, जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू हे तोटे मात्र होतात.

लहानपणी सांधे सुजून नंतर झडप खराब झालेले रुग्ण (रुमॅटिक हृदयरोग) आपल्याकडे बरेच आहेत. झडप बदललेली नसेल तर त्यांच्याबाबत हृदयरोगतज्ज्ञ निर्णय घेतात. दर 3 आठवड्यांनी मिळणारे पेनिसिलिनचे इंजेक्शन वेगळ्या कारणासाठी असते. ते चालू आहे म्हणून दातांसाठी वेगळे औषध नको, असे समजू नका.

औषध कसे घेतात?

साधारणपणे मोठ्या माणसांना अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम, प्रक्रियेच्या 30 ते 60 मिनिटे आधी, एकदाच. पाच दिवसांचा कोर्स लागत नाही. मुलांचा डोस वजनानुसार ठरतो. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर दुसरे औषध देतात, म्हणून अॅलर्जी आधीच सांगा. औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्या.

दाताचा एक्स-रे, कवळी बसवणे किंवा दुधाचा दात आपोआप पडणे यासाठी अँटिबायोटिक लागत नाही.

एक चूक कधीही करू नका

रक्त पातळ करणारी गोळी "रक्त थांबणार नाही" या भीतीने स्वतःहून बंद करू नका. कृत्रिम झडपेवर गुठळी होऊन झडप अडकू शकते किंवा पक्षाघात होऊ शकतो. आधी आयएनआर तपासून दोन्ही डॉक्टर मिळून काय ते ठरवतील.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

- शस्त्रक्रियेचा कागद किंवा त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि दातांच्या डॉक्टरांना दाखवा.
- रोज दोनदा दात घासा, दर 6 महिन्यांनी दात तपासून घ्या. निरोगी हिरड्या हेच खरे संरक्षण.
- झडप बदललेल्या व्यक्तीला कारण न सापडणारा ताप, थंडी किंवा रात्री घाम येत असेल तर मेडिकलमधून गोळ्या आणून देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्ताचे कल्चर घ्यावे लागते. गोळ्या आधी घेतल्या तर जंतू सापडत नाही आणि निदान लांबते.

काकूंनी त्याच दिवशी दातांच्या डॉक्टरांना फोन केला. दाढ चार दिवस उशिरा निघाली, पण पूर्ण तयारीनिशी. तुमच्या घरी कोणाची झडप बदललेली असेल, तर हे त्यांना आजच सांगा.