आय-ट्वेंटीचं दुसरं पान

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, एक निवृत्त प्राध्यापिका परदेशी निघालेल्या मुलांच्या फाइली तपासतात. फी नाही. कॉलेजात आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. आता सगळी मुलं त्यांना मावशी म्हणतात आणि त्या सगळ्यांना, मराठी असो की हिंदी, ‘बेटा’. मी गेलो ते एका शेजाऱ्याच्या बोलण्यामुळे. त्यांचा मुलगा गणपतीला अमेरिकेतून येणार होता, आला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, ‘सही नव्हती.’

ती प्रवासाची सही आय-ट्वेंटीच्या, म्हणजे अमेरिकी विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेल्या दाखल्याच्या, दुसऱ्या पानावर असते. तिथल्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्याची, तारखेसकट. शिकत असाल तर ती एक वर्ष चालते, शिक्षण संपवून तात्पुरत्या नोकरीच्या परवान्यावर असाल तर सहाच महिने. मावशी पासपोर्टच्या आधी हे पान उलटतात. बाकी कागद भराभर हातावेगळे होतात. पाहिलं तेव्हा फक्त एका पोराच्या पासपोर्टावर त्या थांबल्या. त्याचं पूर्ण नाव एकाच रकान्यात, आडनावाचा रकाना कोरा. ‘असंच गेलास तर व्हिसावर तुझं नाव एफएनयू छापतील, बेटा. म्हणजे नाव अज्ञात. आधी भोपाळच्या पासपोर्ट ऑफिसचं काम कर.’

खालून झेरॉक्सच्या तापलेल्या शाईचा वास जिन्यातून वर येत राहतो. तो वास माझ्या डोक्यात या कामाशी कायमचा चिकटला आहे.

सगळ्यात जास्त वेळ गेला एका मुलीच्या मोबाइलवर. 27 मे 2025 ला अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती देणं थांबवलं. 18 जूनला पुन्हा सुरू करायचं ठरलं, पण अट घालून: समाजमाध्यमांवरची खाती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा. अर्जात गेल्या पाच वर्षांत वापरलेली सगळी खाती लिहायची असतातच. ‘पाच वर्षं,’ मावशी बोटं पसरून म्हणाल्या. मुलगी घुटमळली. दहावीत असताना एका टोपणनावाने खातं काढलं होतं, त्यावर शायरी.

‘ते पण लिही.’

‘मावशी, फार वाईट शायरी आहे.’

‘वाईट शायरीवर बंदी नाही. खोट्या अर्जावर आहे.’

मुलीने कुलूप काढलं, आणि मग आम्हा दोघांकडे पाठ करून बराच वेळ एकेक ओळ वाचत बसली. सोळाव्या वर्षी लिहिलेलं आता कुठल्या तरी साहेबाने चाळायचं, हे मला अजूनही पटत नाही. सिटी सेंटरला ‘व्हिसाची शंभर टक्के हमी’ लिहिणाऱ्या पाट्यांवर या अटीबद्दल अक्षर नाही.

हा घोळ मुलांपुरता नाही. 19 सप्टेंबर 2025 ला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा आकार जाहीर झाला, 21 पासून लागू. तो जुन्या व्हिसाधारकांना नाही हा खुलासा येईपर्यंत सुट्टीवर आलेल्या कित्येकांनी मिळेल ते विमान पकडलं. त्याच वर्षी डिसेंबरात खाती तपासण्याची अट एच-वन-बीलाही लागली, मुलाखतींच्या तारखा काही महिने पुढे गेल्या, आणि व्हिसाचा शिक्का मारून घ्यायला आलेली माणसं इथेच अडकली. त्यात विद्यापीठांत शिकवणारेही होते. पूर्वी लोक तिसऱ्याच एखाद्या देशात जाऊन मुलाखत उरकत. त्याच सप्टेंबरपासून तेही बंद: जिथले नागरिक किंवा रहिवासी, तिथेच अर्ज. ग्वाल्हेरकरांसाठी बहुधा दिल्ली. तीनेक तासांची गाडी, आणि खिडकीवर दोन-तीन मिनिटांची मुलाखत.

मी तिथे असताना एक बाई आल्या. मुलगा पीएच.डी.च्या सहाव्या वर्षात. व्हिसा पाच वर्षांचा होता, तो संपला. तिथे राहण्यात काही बेकायदा नाही, कारण राहण्याचा हक्क आय-ट्वेंटीवर चालतो आणि व्हिसा लागतो तो आत शिरताना. पण एकदा बाहेर पडला की परत जायला दिल्लीहून नवा शिक्का हवा. ‘पाच वर्षं,’ मावशी पुन्हा म्हणाल्या, या वेळी हळू.

बाईंनी विद्यापीठाचं पत्र मोबाइलवर काढून दाखवलं. ‘अनावश्यक प्रवास टाळावा, असं लिहिलंय. बहिणीचं लग्न अनावश्यक का हो?’

ही पत्रं वकिलाच्या नजरेखालून गेलेली असतात. जा म्हणत नाहीत, जाऊ नको म्हणत नाहीत. उद्या काही झालं तर आम्ही सांगितलं होतं, एवढी सोय करून ठेवतात. मावशींनीही ये किंवा येऊ नको म्हटलं नाही. पण त्यांनी बाईंकडून कागदावर प्रश्न लिहून घेतले: दिल्लीची तारीख लग्नाच्या आधी मिळते का? शिक्का अडकला तर गाइड दोन-तीन महिने थांबतील का? स्टायपेंड चालू राहील का? सहीची तारीख कोणती?

बाईंनी कागद वाचला, घडी घातली.

‘नाहीच आला तर कानपिळी कोण करणार?’

‘मावसभाऊ आहे ना जयेंद्रगंजात?’

‘आहे. पण मग शिंप्याला आजच सांगावं लागेल. माप याचं दिलंय, आणि तो अंगाने दुप्पट आहे.’