तटस्थाचा व्यापार

सिद्धेश्वरच्या धरणाकाठी राहणाऱ्या मंडळींना हे सांगायला नको की, पाणी अडवायचे तर दरवाजाची किल्ली ज्याच्या हाती त्याचे मन वळवावे लागते. युद्धकाळात व्यापाराचेही असेच असते. शत्रूची जहाजे समुद्रावर अडवता येतात. परंतु जो देश लढाईतच नाही, त्याने शत्रूला माल विकला तर त्याला अडवायचे कसे?

दुसऱ्या महायुद्धात हा प्रश्न आपल्या कोकणच्या किनाऱ्याला लागून उभा राहिला. गोवा तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता. मुरगाव बंदरात तीन जर्मन जहाजे आणि एक इटालियन जहाज आश्रयाला आली, ती ब्रिटिश आरमाराला डोळ्यांसमोर दिसत असूनही हात लावता येईना. अखेर मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या नागरी स्वयंसेवकांनी गुपचूप छापा घातला आणि खलाशांनी आपलीच जहाजे बुडवून टाकली. उघड फौज पाठवली असती, तर तटस्थतेचा भंग झाल्याचा बोभाटा झाला असता.

खरी झुंज मात्र लिस्बनमध्ये, कागदावर चालली होती. पोर्तुगालच्या खाणीत वुल्फ्राम सापडे. त्यापासून टंगस्टन निघते. चिलखत भेदणाऱ्या गोळ्यांना व पोलाद कापणाऱ्या हत्यारांना ते लागते. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर स्वारी केली आणि आशियातून खुष्कीने येणारा तिचा पुरवठा तुटला. मग तिची नजर पोर्तुगाल व स्पेन यांच्यावर खिळली. भाव भडकले, शेतकरी नांगर टाकून कुदळी घेऊन डोंगरात गेले.

सालाझार म्हणत, दोन्ही पक्षांना विकणे हा तटस्थाचा हक्क आहे. शिवाय जर्मनीचा कोप ओढवून घेणे लहान देशाला परवडत नाही. दोस्त राष्ट्रांनी आधी चढ्या भावाने माल विकत घेऊन शत्रूच्या हातून काढून घेतला. स्पेनचे तेल त्यांनी जानेवारी १९४४ मध्ये रोखले, आणि मे महिन्यात स्पेनने निर्यात बरीच घटवली. पोर्तुगालपुढे इंग्लंडने १३७३ च्या जुन्या मैत्री-तहाचा आधार घेतला. शेवटी जून १९४४ मध्ये, नॉर्मंडीच्या चढाईच्या सुमारास, सालाझारांनी सर्वांनाच वुल्फ्राम देणे बंद केले. दोस्तांच्या मालकीच्या खाणीही त्यात बंद पडल्या. शेकडो घरांची चूल विझली.

गंमत अशी की, १९१४ नंतर तटस्थ असताना अमेरिकेनेच आपला व्यापार ब्रिटन अडवते म्हणून तक्रार केली होती. १९४४ मध्ये तीच दुसऱ्याचा व्यापार अडवायला निघाली. तटस्थाचा हक्क किती, हे ज्याची बाजू असेल तो आपल्या सोयीने मोजतो. म्हणून अलिप्त राहू इच्छिणाऱ्या देशाने आपल्या मालाची किंमत आणि ती चुकती करणाऱ्या आपल्या माणसांची संख्या, दोन्ही आधी जोखून ठेवावीत.